स्क्रूला पूर्वज नसतात

उत्क्रांतीतली नाती शिकवायची म्हटलं की वर्गात हमखास एक पुडी उघडली जाते: खिळे, स्क्रू, नट, वॉशर, टाचण्या. गट पाडा, मग त्यांचं झाड काढा. मुलं रमतात, तास छान जातो. पण या कृतीबद्दल माझी एक तक्रार आहे.

स्क्रूला आटे आहेत, खिळ्याला नाहीत, म्हणून दोन फांद्या. कुणी लांबीवरून फांद्या पाडल्या तर? तेही चालतं. कारण स्क्रू आणि खिळा एका पूर्वजापासून जन्मलेले नाहीत, त्यामुळे इथे चुकीचं उत्तरच संभवत नाही. आपण शिकवतो वर्गीकरण आणि त्याला नाव देतो वंशवृक्ष.

साम्य म्हणजे नातं नव्हे, हे इथेच निसटतं. मगर पालीसारखी दिसते, पण नात्याने ती पालीपेक्षा चिमणीला जवळची. चार कप्प्यांचं हृदय दोघींनाही आहे. मात्र तेवढाच पुरावा धरला तर फसाल, कारण ते आपल्यालाही आहे आणि सस्तन प्राण्यांत ते स्वतंत्रपणे आलं. कोणतं साम्य वारशाने आलं हे ठरवणं, हाच तर खरा अभ्यास! पुडीतल्या सामानावर तो होऊच शकत नाही.

त्यापेक्षा कॅमिनाल्क्यूल्स बरे. कॅन्सस विद्यापीठातल्या जोसेफ कॅमिन यांनी १९६०च्या दशकात हे काल्पनिक प्राणी चितारले: २९ आजचे, ४८ जीवाश्म. पूर्वजात बदल करत वंशज काढल्यामुळे यांचा खरा वंशवृक्ष ठरलेला आहे. रॉबर्ट सोकाल यांनी १९८३ मध्ये तोच कसोटीला वापरला: आपल्या पद्धती खऱ्या झाडाच्या किती जवळ पोचतात?

यातही एक खोट आहे. जीवाश्म वयासकट आधीच हातात दिले की मुलं ठिपके जोडल्यासारखे दुवे जोडत जातात. म्हणून आधी फक्त आजचे प्राणी द्यावेत. झाड काढून घ्यावं, प्रत्येक फांदीशेजारी कारण लिहून घ्यावं. मग जीवाश्म उघडावेत. कुठली फांदी मोडली? तिथलं साम्य वारशाचं होतं की वेगवेगळ्या वाटांनी आलेलं?

संशोधनाची तयारी करत असाल तर ही कृती एकदा स्वतः करून बघा. आणि मोडलेली फांदी खोडरबरने पुसू नका, तिच्यावर फक्त काट मारा. पुढच्या वेळी कोणत्या लक्षणावर कमी विसंबायचं, ते त्या काटेवरूनच कळतं.