प्याद्याचे एक घर

बुद्धिबळाच्या पुस्तकांत पहिल्या काही चालींना जेवढा मान आहे, तेवढा मराठी घरांत मुंजीतल्या मंत्रांनाही नसेल. राजापुढचे प्यादे दोन घरे, मग घोडा, मग उंट, मग किल्लेकोट. हा क्रम मोडून कोणी डावाच्या आरंभीच कडेचे प्यादे ढकलले, की समोरच्याच्या चेहऱ्यावर दोनच भाव उमटतात : याला काही येत नाही, किंवा हा आपली थट्टा करतो आहे. या दोन्ही भावांतून जो प्रतिसाद निघतो तो बहुधा वाईट असतो, असे मला दाखवायचे आहे. त्यासाठी जुने डाव संहितेसारखे, ओळ न् ओळ वाचावे लागतील.

उलट टोकाची दोन उदाहरणे घेऊ. १९२४ साली न्यूयॉर्कच्या स्पर्धेत तार्ताकोवरने मारोत्सीविरुद्ध पहिलीच चाल बी४ अशी केली. आदल्या दिवशी खेळाडू प्राणिसंग्रहालयात गेले होते आणि तिथल्या ओरांगउटान मादीचा सल्ला घेऊनच ही चाल केली, असे तार्ताकोवर सांगत असे. त्यावरून या सुरुवातीला त्या माकडाचेच नाव चिकटले. मारोत्सी या विनोदाने विचलित झाला नाही. त्याने घोडा काढला, मधल्या प्याद्यांना ई६, डी५ अशी बैठक दिली, उंट काढून किल्लेकोट केला. एवढे झाल्यावर कडेच्या एका प्याद्याने पुढे सरकलेल्या शत्रूला विचारले, ‘तू इथे कशाला आलास?’ डाव मारोत्सीने जिंकला.

दुसरे उदाहरण १९८० चे, स्वीडनमधल्या स्कारा गावचे. युरोपीय सांघिक स्पर्धेत जगज्जेता कार्पोव पांढऱ्या सोंगट्या घेऊन बसला होता. त्याच्या ई४ ला इंग्लंडच्या टोनी माइल्सने उत्तर दिले ए६, आणि डी४ नंतर बी५. प्रेक्षकांत हशा पिकला असे सांगतात. डाव मात्र माइल्सने ४६ चालींत जिंकला आणि ‘एका थट्टेने जगज्जेत्याला हरवले’ ही कथा रूढ झाली.

ही कथा मला मान्य नाही. डाव वाचला की दिसते, ए६ या चालीने कार्पोवचे काहीच बिघडवले नव्हते. उलट पटाचा मध्य त्याला फुकट मिळाला होता. पाचव्या चालीपर्यंत त्याने सगळे रीतसर केले. सहाव्या चालीला काळ्याने सी५ असा बाजूने धक्का दिला, तेव्हा कार्पोवने डीचे प्यादे देऊन ते मारले. नवव्या चालीला त्याने ईचे प्यादे ई५ वर रेटले, घोड्याला हुसकावण्यासाठी. घोडा हुसकला, पण गेला कुठे? डी५ वर, पटाच्या मधोमध. ज्या दोन प्याद्यांच्या जोरावर पांढऱ्याचा वरचष्मा होता, त्यांतले एक पटावरून गेले आणि दुसरे एकटेच पुढे जाऊन बसले. पुढे एकोणिसाव्या चालीला घोडा जी५ वर, मग उंटाचा एच७ वर शह, मग तोच उंट माघारी बी१ वर : राजावर चाल करून जाण्याचा हा आविर्भाव ओसरेपर्यंत काळ्याच्या वजिराने बी२ आणि ई५ ही दोन प्यादी उचलली होती. एक परत मिळाले, दुसरे नाही.

कार्पोवच्या मनात काय होते ते मला कळणे शक्य नाही. पटावर जे लिहिले गेले त्यात मात्र शिक्षा करण्याची घाई स्पष्ट दिसते. मारोत्सीने विचित्र चालीला एक साधी चाल मानले. कार्पोवच्या डावात तिला अपराध मानल्यासारखे वागले गेले.

म्हणून प्रतिसादाचा प्रश्न मला तीन प्रश्नांत मांडावासा वाटतो. या प्याद्याने मागे कोणते घर उघडे टाकले? पुढचे कोणते घर ताब्यात घेतले? आणि मध्य सोडून इथे एक चाल खर्ची पडली, ती मी कशी वापरू? चौथा प्रश्न, म्हणजे ‘याला धडा कसा शिकवू?’, यादीत नाही. जी४ ही ग्रोबच्या नावाने ओळखली जाणारी सुरुवात घ्या. काळ्याने डी५ केले की सी८ च्या उंटाची वाट खुलते आणि जी४ चे प्यादे मोफत दिसते. पांढरा उंट जी२ वर ठेवतो. आता प्यादे मारले, तर पांढरा सी४ खेळतो. काळ्याचा उंट घरातून निघालेला असल्यामुळे बी७ उघडे पडलेले असते, आणि पांढरा वजीर बी३ वर येऊन डी५ आणि बी७ दोन्हींवर डोळा ठेवतो. त्याऐवजी काळ्याने नुसते सी६ खेळून मध्याला टेकू दिला, तर जी४ चे प्यादे टांगलेलेच राहते आणि त्याची चिंता पांढऱ्याला करावी लागते. एक घर चालणारे ते साधे प्यादे हे सर्वांत कडक उत्तर आहे.

हे ‘एक घर’ आपल्याकडचे आहे. देशी पद्धतीच्या डावात नियमांत घरोघर थोडाफार फरक असे, पण प्यादे सामान्यतः एकच घर चाले, राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरे उडी घेता येई, आणि प्याद्याने केलेली मात सगळ्यांत मानाची. या सवयीचा खेळाडू युरोपीय नियमांनी खेळू लागला की काय होते, याचा पुरावा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच्या कलकत्त्यात सापडतो. तिथला बॅरिस्टर जॉन कॉक्रेन आणि मोहेशचंद्र बॅनर्जी यांच्या डावांत मोहेशचंद्र पुनःपुन्हा डी६, जी६ अशी एकेक घर चालणारी प्यादी खेळतात. समकालीन युरोपीय डोळ्याला ती भित्री वाटली असतील. पण १८५५ मधल्या त्यांच्या एका डावात घोडा एफ६, प्यादे जी६ आणि मग डी५ असा जो आराखडा दिसतो, तोच १९२२ मध्ये ग्रुनफेल्डने उच्च स्पर्धेत आणला आणि त्याच्या नावाने प्रसिद्ध झाला. ‘भारतीय बचाव’ हे कुळनाव मागे उरले, मोहेशचंद्रांचे नाव मात्र जाणकारांपुरतेच राहिले.

आता वऱ्हाडाकडे येतो, कारण हा प्रश्न माझ्यासाठी तिथेच जिवंत आहे. अमरावतीने स्वप्नील धोपाडेंसारखा ग्रँडमास्टर दिला. शेजारच्या नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये बाटुमीला महिला विश्वचषक जिंकून आली. त्यानंतर अमरावती-अकोल्याच्या शिबिरांत मुले वाढली, हे चांगलेच झाले. या दोन्ही शहरांतल्या शालेय स्पर्धा मी बरीच वर्षे कठड्याबाहेर उभा राहून पाहतो. शिबिरातले मूल पंधरा चाली पाठ करून येते. समोर दर्यापूर किंवा बाळापूरकडचे, आजोबांकडून खेळ शिकलेले मूल बसते आणि पहिल्याच चालीला एच६ करते. मग कठड्याबाहेरून कुजबुज येते, ‘काहून बाप्पा, हे काय खेळून रायला?’ पाठांतर केलेल्याची वही इथेच संपते. तो चिडतो, वजीर लवकर बाहेर काढतो, आणि डाव अनेकदा उलटतो.

मात्र एक फरक नजरेआड करून चालणार नाही. मोहेशचंद्रांच्या जी६ मागे उंटाची लांब तिरपी वाट होती. त्या मुलाच्या एच६ मागे पुष्कळदा नुसती भीती असते, उंट येऊन घोड्याला खिळवेल ही. देशी म्हणून ती चाल थोर ठरत नाही. तिच्यामागे योजना आहे की भीती, हे पुढच्या दोन-तीन चालींत कळते, आणि तोवर थांबण्याचे धैर्य हेच प्रतिसादाचे पहिले अंग आहे. भीती असेल तर मध्य घेऊन शांतपणे जिंकता येते. योजना असेल तर निदान आपण तिच्या तोंडी सापडत नाही.

आपले प्रशिक्षण या थांबण्याला जागा देत नाही, ही माझी तक्रार आहे. ते योग्य चालीचे योग्य उत्तर शिकवते. अनोळखी चालीला प्रश्न विचारायला शिकवत नाही. याचे नुकसान दुहेरी आहे. शिबिरातले मूल वहीबाहेर पांगळे होते, आणि आजोबांचा डाव घेऊन आलेले मूल पहिल्याच चालीला हसले गेल्यामुळे पुढच्या वर्षी स्पर्धेला येत नाही. त्या एच६ मागे काय होते, हे मग कोणालाच कळत नाही.