लंडनचा भाव आणि इथली तलवार

२०२३च्या मे महिन्यात लंडनला बोनहॅम्सच्या लिलावात टिपू सुलतानाची तलवार सुमारे १ कोटी ४० लाख पौंडांना गेली. अंदाज होता १५ ते २० लाखांचा! २०२५मध्ये सदबीजच्या लिलावातून आपल्या राज्य सरकारने घेतलेली रघुजी भोसल्यांची फिरंग सगळा खर्च धरून ४७ लाख १५ हजार रुपयांना पडली. तिचे पाते युरोपीय बनावटीचे, त्यावर रघुजींच्या नावाचा सोनेरी देवनागरी लेख. दोन्हीकडे भाव चढला तो मुख्यतः नावामुळे, असे माझे मत आहे.

ताप होतो तो निनावी शस्त्रांच्या व्यापाऱ्याला. माझ्या ओळखीचे एक परवानाधारक व्यापारी वैतागून सांगतात, गंजकी तलवार घेऊन येणारा आधी लंडनचा भाव सांगतो, मग तलवार दाखवतो. तो भाव परदेशात आधीच असलेल्या वस्तूंचा. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांवरची तलवार खासगी व्यापाऱ्याला निर्यात करता येत नाही. मग तो भाव इथे लागू कसा? सौदा मोडतो, तलवार पुन्हा माळ्यावर जाते आणि तिची साधी नोंदही होत नाही.

नावाला भाव आला की नाव घालणारेही निघतात. म्हणून फिरंग हाती आली की मी लेख नंतर वाचतो. मुठीच्या पट्ट्या पात्याला रिबिटांनी जोडलेल्या असतात, त्या आधी पाहतो. रिबिटा कोऱ्या दिसल्या, तर सोन्याच्या अक्षरांवर लगेच विश्वास ठेवत नाही.