सहा सेंटिमीटरचा वारकरी

आषाढ जवळ आला की इन्स्टाग्रामवर एक म्हातारे वारकरी येतात. दरवर्षी माणूस वेगळा असतो, फोटो मात्र तोच. कपाळाला गंध-बुक्का, पांढऱ्या दाढीचे खुंट, सुरकुत्यांचं जाळं, किंचित पाणावलेले डोळे आणि मागे काहीच नाही. नुसती हिरवट-करडी साय. खाली एखादाच शब्द : 'माउली' किंवा 'श्रद्धा'. फोटो हडपसरच्या रस्त्यावर काढला, दिवे घाटात काढला की कोथरूडच्या एखाद्या स्टुडिओत मागे पडदा सोडून काढला, हे बघणाऱ्याला सांगता येणार नाही. पाऊस होता का, गर्दी होती का, बाबांच्या शेजारी कोण चालत होतं, यातलं काहीही कळत नाही.

हा फोटो वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. तांत्रिकदृष्ट्या तो बहुतेकदा उत्तमच असतो. माझी तक्रार अशी आहे की तो बराचसा लेन्सने काढलेला असतो आणि तसा तो निघतो हे आपण धरूनच चालतो. गेलं वर्षभर मी एकाच कॅमेऱ्यावर तीन लेन्स आलटून पालटून वापरल्या. घरी, टपरीवर, बसमध्ये आणि पालख्या पुण्यात आल्या तेव्हा त्यांच्याबरोबरही. त्यातून हे मत बनलंय.

सुरुवात त्या सुप्रसिद्ध सल्ल्यापासून करू. कॅमेरा घेतला की यूट्यूब, मित्र, दुकानदार सगळे एका सुरात सांगतात, "फिफ्टी घे." ५० एमएम, एफ १.८. दहा हजारांच्या आसपास मिळते, खिशात मावते, संध्याकाळच्या उजेडातही काम देते. वर एक पुस्ती जोडलेली असते, की ५० एमएम म्हणजे माणसाच्या डोळ्यासारखी नजर, कार्तिए-ब्रेसाँ बघ, आयुष्यभर हीच वापरली. त्याने मुख्यतः ५० एमएमच वापरली हे खरं आहे. फक्त त्याच्या लायकात ३५ एमएमची पूर्ण आकाराची फिल्म होती. नवशिक्यांपैकी बहुतेकांच्या, म्हणजे माझ्याही, कॅमेऱ्यात त्याहून लहान सेन्सर असतो. कंपनीप्रमाणे दीडने किंवा १.६ने गुणायचं. माझी ५० ही प्रत्यक्षात ७५सारखी वागते. ती डोळ्यासारखी नजर उरत नाही, पोर्ट्रेटची लेन्स होते. सल्ला फुल फ्रेमवाल्यांचा आणि कॅमेरा आपला, असा हा प्रकार आहे.

वन बीएचकेत याचे परिणाम लगेच दिसतात. आई भाकरी थापतेय, शेजारी शेगडी, वर खुंटीला लटकलेली गाळणी, खिडकीत तुळशीची कुंडी. हे सगळं एका चौकटीत घ्यायला मागे सरकावं लागतं. मागे फ्रीज आहे. पाठ फ्रीजला टेकली तरी चौकटीत येतात ते दोन हात, परात आणि अर्धा तवा. फोटो छान येतो. पीठ उडताना दिसतं, मागच्या बरण्यांचे सोनेरी गोळे होतात, लोक 'एकदम प्रोफेशनल' म्हणतात. पण सहा महिन्यांचे असे फोटो सलग बघितले तर त्यात कानातलं आहे, चहाचा ग्लास आहे, कुत्र्याचं नाक आहे, घर कुठेच नाही.

आकडेमोड केली तर याचं नवल वाटत नाही. माझ्या कॅमेऱ्यावर ५० एमएम एफ १.८वर उघडली आणि माणूस दीड मीटरवर असला, तर फोटोत सुस्पष्ट येणारा पट्टा जेमतेम सहा-साडेसहा सेंटिमीटर जाडीचा असतो. माणसाच्या नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचं अंतर याहून जास्त आहे. म्हणजे त्या आषाढी फोटोंत आपण ज्याला वारकरी म्हणतो, तो डोळे, नाक आणि गाल एवढाच असतो. टोपीची मागची बाजू आणि कानसुद्धा पार्श्वभूमीत जमा.

या धूसरपणाला बोके म्हणतात. मांजरांशी संबंध नाही. शब्द जपानी आहे आणि १९९७ साली 'फोटो टेक्निक्स' या अमेरिकन मासिकाने त्याचं आजचं इंग्रजी स्पेलिंग रूढ केलं. म्हणजे या गोष्टीला नाव देऊन तिची चर्चा करणं तसं अलीकडचंच. तिची प्रतिष्ठा वाढली ती मात्र फोनमुळे. फोनचा सेन्सर इतका लहान असतो की त्यात मागचं-पुढचं बहुतेक सगळं स्पष्टच यायचं. साहजिकच मागचं धूसर झालेला फोटो ही मोठ्या कॅमेऱ्याची आणि तो परवडणाऱ्या माणसाची खूण झाली. मग २०१६मध्ये आयफोन ७ प्लसमध्ये पोर्ट्रेट मोड आला, पाठोपाठ बाकीच्यांनी आणला आणि ती खूण फुकट वाटली गेली. आता लेन्सचीही गरज नाही. सॉफ्टवेअर माणूस कुठे संपतो ते ठरवतं आणि उरलेल्यावर बोळा फिरवतं.

त्या बोळ्याखाली काय काय जातं याची आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही. ज्या कार्तिए-ब्रेसाँच्या नावावर फिफ्टी खपते, त्याचाच १९३२चा गार सां-लाझारच्या मागे काढलेला फोटो घ्या. साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा माणूस सगळ्यांना आठवतो. पण मागच्या भिंतीवरच्या पोस्टरमध्येही झेप घेतलेली एक आकृती आहे. ती दिसते म्हणून त्या उडीला मजा येते. एफ १.८वर तिचा करडा डाग झाला असता आणि आपल्याकडे फक्त चिखल टाळणारा एक गृहस्थ उरला असता. रघुबीर सिंह तर याच्या पुढे जातात. १९९१ साली हावड्याला फुटपाथवरच्या आरशांच्या दुकानाचा त्यांनी काढलेला फोटो आहे. त्यात मुख्य कोण आणि मागचा कोण हे ठरवायची सोयच नाही. रस्ता आरशात, आरसा रस्त्यावर. भारतातल्या रस्त्यावर उभं राहिल्यावर डोळ्यांना नेमकं हेच होतं. आपल्याकडे चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (२०१४) आहे. त्यात कॅमेरा लांब उभा राहतो आणि हलत नाही. वकील बोलत असताना कोर्टात बसलेली बाकीची माणसंही आपल्याला दिसत राहतात. वकिलाचा चेहरा तेवढा स्पष्ट ठेवून मागचे सगळे पुसले असते, तर तो एका खटल्याचा सिनेमा झाला असता. आत्ता तो कोर्टाचा आहे.

मी २३ एमएमची लेन्स घेतली. माझ्या कॅमेऱ्यावर ती साधारण ३५सारखी वागते. दिसायला अगदीच बिचारी. पहिले काही आठवडे तिचे फोटो फोनसारखे वाटायचे आणि मित्र विचारायचे, मग कॅमेरा कशाला?

इथे एक गैरसमज बाजूला करायला हवा. लेन्स बदलली की पर्स्पेक्टिव्ह बदलतं, असं सर्रास सांगितलं जातं. टपरीवर एकाच जागी उभं राहून ५० आणि २३, दोन्हींनी फोटो काढा. २३चा फोटो कापून ५०च्या चौकटीएवढा करा. किटली आणि मागची पाटी यांचं प्रमाण दोन्हींत तंतोतंत सारखं दिसेल. पर्स्पेक्टिव्ह बदलतं ते तुम्ही चालून जागा बदलता तेव्हा. लेन्स फक्त तुम्हाला हलवते. तेवढाच चहावाला चौकटीत घ्यायचा तर २३ला ५०च्या निम्म्या अंतरावर जावं लागतं. निम्म्या अंतरावर गेलं की तो "काय, पेपरात येणार का?" असं विचारतो. उत्तर द्यावं लागतं. रोजच्या फोटोग्राफीत लेन्स निवडणं म्हणजे किती बोलायची तयारी आहे हे ठरवणं, इतकं साधं आहे ते.

पालख्या आल्या तेव्हा मी तिसरी लेन्स भाड्याने आणली. ७०-२००, दिवसाला हजार रुपये, वजन दीड किलो. ती गळ्यात असली की लोक आपोआप रस्ता देतात, हा तिचा पहिला गुण. दुसरा गुण म्हणजे कुणालाही कळू न देता फोटो काढता येतो. समोरच्या फुटपाथवरून मी तासाभरात पंचवीसेक चेहरे काढले. सगळे इन्स्टाग्रामवरच्या त्या बाबांचे भाऊबंद. एकाही माणसाने माझ्याकडे बघितलं नाही, मी एकाही माणसाशी बोललो नाही. या लेन्सला मी सरसकट नावं ठेवणार नाही. दिवे घाटात वरच्या वळणावरून खालची रांग बघायची तर तीच हवी, लांबवर पसरलेली माणसं तिच्यात एकमेकांना खेटून येतात आणि चढाचा दम कळतो. पण भवानी पेठेत चार फुटांवरून जाणाऱ्या माणसाला रस्ता ओलांडून पलीकडून टिपायचं, ही निवड सौंदर्याची कमी आणि संकोचाची जास्त वाटते.

वारीचं छायाचित्रण आपल्याकडे दोन टोकांना अडकलंय. एक टोक हा चेहरा. दुसरं टोक आकाशातून. उद्धव ठाकरे यांचं 'पहावा विठ्ठल' हे हवाई छायाचित्रांचं पुस्तक आलं, नंतर ड्रोन स्वस्त झाले. वरून वारीचा आकार दिसतो आणि तो भव्यच असतो. चेहऱ्यात माणूस एकटा होतो, आकाशातून तो ठिपका होतो. वारी ज्या मापात चालते ते माप या दोन्हींत नाही. ते माप आहे दिंडी. दिंडीला क्रमांक असतो, रथाच्या पुढची की मागची हे ठरलेलं असतं. पुढे पताका, मग टाळकरी, पखवाज, वीणेकरी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. सामानाचा ट्रक वेगळा पुढे गेलेला. वारकरी कुणाबरोबर, कुणाच्या मागे चालतो, कुणासाठी थांबतो, हे सगळं दिंडीत ठरतं. एवढं चौकटीत मावायला २३ एमएम लागते आणि तीही त्यांच्यामध्ये जाऊन.

आत गेलं की नको असलेलंही येतं. फ्लेक्स येतात. 'वारकरी बंधू-भगिनींचे हार्दिक स्वागत', खाली हात जोडलेले सतरा नेते. प्लास्टिकचे रेनकोट येतात, पाण्याचा टँकर, मोफत औषधांचा मांडव, एका बाबांच्या बंडीच्या खिशातून लोंबणारी चार्जरची वायर. पोर्ट्रेटवाले या सगळ्याला 'क्लटर' म्हणतात आणि एफ १.८वर वितळवतात. मला खटकतं ते इथे. चार्जर, फ्लेक्स, रेनकोट पुसले की उरतो तो कुठल्याही शतकातला एक भाविक म्हातारा. पेरण्या उरकून आलेला, पीकविम्याचा मेसेज आलाय का ते मध्येच फोनवर बघणारा आत्ताचा शेतकरी त्यातून गायब होतो. शहरातल्या आपल्याला असा कालातीत माणूस बघायला बरा वाटतो, कारण तो आपल्याला काही विचारत नाही.

नाना पेठेत एका मावशींचा फोटो मी आधी ५०ने काढला, मग २३ लावली आणि जवळ गेलो. परभणीकडच्या होत्या. जवळ गेल्यावर त्या म्हणाल्या, "थांब बाबा, जाऊबाई मागं राहिली, तिला येऊ दे." जाऊबाई येईपर्यंत पाचेक मिनिटं गेली. तेवढ्यात दिंडीतली निम्मी माणसं कोण कुणाची ते कळलं. फोटोत दोघी आल्या, तिसऱ्या कुणाचं तरी कोपर आलं, मागे फ्लेक्स आला. दोन्ही फोटो स्क्रीनवर दाखवले. पहिल्यावर त्या खूश झाल्या, "गोरी दिसतीय की मी." मग बोटाने पुढे-मागे करत विचारलं, "ह्यात जाऊबाई कुठंय?" ती त्या फोटोत होती. डाव्या कोपऱ्यातला गुलाबी गोळा तीच. मी दाखवल्यावरही त्यांना पटलं नाही. शेवटी पुतण्याचा नंबर दिला आणि सांगितलं, दुसरा पाठव.

त्या गर्दीत वारकऱ्यांच्या हातातही फोन होतेच. फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ एमएमसारखा असतो, म्हणजे माझ्या 'बिचाऱ्या' लेन्सहूनही रुंद. एकमेकांचे फोटो काढताना ते दिंडीची पाटी चौकटीत येते ना, हे आधी बघतात. कुणीतरी मागे राहिलं की हाक मारून पुढे घेतात. पोर्ट्रेट मोड मी त्या दिवशी एकाच पोराला लावताना बघितलं. त्याने वीणेकऱ्याचा फोटो काढला आणि फोनने वीणेच्या तारा खाल्ल्या. माणूस कुठे संपतो ते त्याला बरोबर कळलं होतं, वीणा कुठे सुरू होते ते नाही. पोराने मोड बंद करून पुन्हा काढला.

पुतण्याचा नंबर मी सेव्ह केला होता, त्यामुळे संध्याकाळी त्याचं स्टेटस दिसलं. फोटो न कापता अख्खा टाकला होता, दोघी जावा, ते कोपर, सगळं. फक्त 'राम कृष्ण हरी'चं एक मोठं स्टिकर चिकटवलं होतं, फ्लेक्सवरच्या मधल्या नेत्याच्या बरोबर तोंडावर.