काच कुणाला दिसते?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलं होतं, 'सर, शाश्वत रचनेत निसर्गाचा आणि इतर प्राण्यांचा समावेश करावा, याला नाही कोण म्हणेल? मग यात तत्त्वज्ञानाचं काय काम?' प्रश्न रास्त आहे. आजचं माझं बोलणं त्यातल्या 'समावेश' या एका शब्दाभोवती आहे. समावेश करतो तो यजमान असतो. घर त्याचं, पंगत त्याची. पाहुण्यासाठी एक पाट जास्त मांडला की झालं. माझा आक्षेप या यजमानपणाला आहे.

शाश्वत विकासाची जी व्याख्या आपण पाठ केली आहे, ती १९८७च्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालातली. आजच्या गरजा भागवाव्यात, पण पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवता येणार नाहीत असं काही करू नये, हा तिचा आशय. आता विचारा, पिढ्या कुणाच्या? माणसांच्या. अहवालात इतरत्र वन्यजीवांबद्दल बरंच लिहिलं आहे, त्यावर मी अन्याय करणार नाही. पण व्यवहारात चालते ती व्याख्या. आणि व्याख्येत घुबडाची पिढी नाही.

याचं प्रत्यक्ष रूप मी एका महाविद्यालयात पाहिलं. नवी इमारत झाली. वीज कमी लागते, पावसाचं पाणी साठवलं जातं, हरित इमारत म्हणून दारात पाटीसुद्धा लागली. समोर भलीमोठी काच. महिनाभरात शिपाईमामांनी मला बुटांच्या खोक्यात ठेवलेला तांबट पक्षी दाखवला, मान मोडलेला. 'सर, हा तिसरा,' म्हणाले. मी संबंधितांशी बोललो. उत्तर आलं की मूल्यांकनाच्या तक्त्यात पक्ष्यांसाठी रकाना नाही! कुणी दुष्ट नव्हतं हो. रकाना नव्हता, एवढंच.

हीच गोष्ट शिकागोत फार मोठ्या प्रमाणावर घडली. ऑक्टोबर २०२३मध्ये, स्थलांतराच्या हंगामात, मॅककॉर्मिक प्लेस या सरोवराकाठच्या प्रदर्शन-केंद्राच्या काचांवर आपटून एका रात्रीत हजाराच्या आसपास पक्षी मेले. पुढच्या वर्षी काचांवर बारीक ठिपक्यांचा पडदा चिकटवला आणि मृत्यू जवळजवळ थांबले. उपाय साधा आहे, पण तो कसा सुचतो ते बघा. आपण काचेवर ससाण्याचं एखादं चित्र चिकटवतो आणि पक्षी घाबरेल असं समजतो. पक्षी चित्राला वळसा घालून शेजारच्या काचेवर आपटतो. त्याच्या दृष्टीनं काचेत झाड आहे, आभाळ आहे, आणि दोन ठिपक्यांमधून आपलं अंग जाईल की नाही हा एकच प्रश्न आहे. म्हणून ठिपके जवळजवळ हवेत. म्हणजे रचनाकाराला आधी पक्ष्याचं जग शिकावं लागलं.

इथे मला याकोब फॉन युक्स्क्युल आठवतो. १९३४च्या एका छोट्या पुस्तकात त्यानं गोचिडीचं उदाहरण घेतलं. तिला डोळे नाहीत, रूप-रंग माहीत नाही. घामातल्या आम्लाचा वास, रक्ताची ऊब, त्वचेचा स्पर्श, एवढंच तिचं जग. पण ते अपुरं नाही, तिच्या दृष्टीनं भरलेलं आहे. त्याचं म्हणणं, प्रत्येक जीवाचं असं स्वतःचं परिसरविश्व असतं. मग आपण ज्याला 'निसर्ग' म्हणून समाविष्ट करू पाहतो, ती एक वस्तू उरतच नाही. एकाच जागेवर अनेक विश्वं एकमेकांवर पसरलेली असतात.

'मग रस्तेच बांधायचे नाहीत का?' हा प्रश्न येणार, मला माहीत आहे. म्हणून पेंचकडे येतो. नागपूरहून शिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ पेंचच्या जंगलातून जातो. चौपदरीकरणाच्या वेळी झाडतोडीवरून कोर्टकचेऱ्या झाल्या, प्राण्यांसाठी किती लांबीचे मार्ग सोडायचे यावरून वाद झाला. अखेर महाराष्ट्राच्या बाजूला नऊ ठिकाणी रस्ता उचलला गेला. काही मार्ग ५० मीटरचे, सर्वांत लांब ७५० मीटरचा. वरून ट्रक, खालून जंगल.

मला मोलाचं वाटतं ते यानंतरचं. भारतीय वन्यजीव संस्थेनं २०१९मध्ये या पुलांखाली स्वयंचलित कॅमेरे लावले. चितळ, रानडुकरं, रानकुत्रे, वाघ असे १८ जातींचे वन्यप्राणी खालून गेलेले दिसले. आपल्याकडे फीत कापली की रचना संपते. इथे ती संपल्यावर वापरणाऱ्याला विचारलं गेलं, आणि वापरणारा अभिप्रायाचा अर्ज भरू शकत नसल्यानं त्याच्या पावलांना विचारलं गेलं.

पण कौतुकातही डोळे उघडे ठेवू. कॅमेरा उष्ण रक्ताच्या, बऱ्यापैकी अंगाच्या प्राण्याला टिपतो. पावसाळ्यात रस्ता ओलांडणारा बेडूक, साप, या झाडावरून त्या झाडावर जाणारी खार, यांची नोंद अशा कॅमेऱ्यात नीट होत नाही. वाघामुळे हरणाची सोय झाली हे खरं; पण वाघ नसलेल्या जंगलातून रस्ता गेला असता, तर कोर्टात इतकी वर्षं कोण भांडलं असतं? आणि आवाजाचं काय? पुलाखालून जाणाऱ्या चितळाला वरची घरघर ऐकू येते. ते तरीही जातं, याचा अर्थ त्याला ते मान्य आहे असा आपण परस्पर काढू नये. अडला हरी गाढवाचे पाय धरतो, तसंही असेल.

२०१७ साली उत्तराखंड उच्च न्यायालयानं गंगा आणि यमुना यांना कायदेशीर व्यक्ती ठरवलं, काही महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. मला त्या निकालाबद्दल आस्था आहे, पण व्यक्ती म्हटलं की पालक नेमावा लागतो, आणि पालक पुन्हा आपणच. त्यापेक्षा मला पेंचचे ते कॅमेरे आणि शिकागोचे ते ठिपके अधिक प्रामाणिक वाटतात. तिथे 'मी तुझ्या वतीनं बोलतो' असा दावा कमी आहे आणि 'मला चुकताना पकड' ही तयारी जास्त.

त्या महाविद्यालयात परवा गेलो होतो. काचेवर आता विद्यार्थ्यांनी पांढऱ्या रंगाचे ठिपके काढले आहेत, हातानं, थोडे वाकडेतिकडे. वरच्या दोन मजल्यांपर्यंत शिडी पोचली नाही, म्हणून ते अजून तसेच आहेत.

वेळ झाली. आता प्रश्न घेऊ.