नांगर, फाळ आणि शेअर : इंग्रजी अनेकार्थी शब्दांचा एक विचार

एकाच उच्चाराला अनेक अर्थ आढळले, की कोशकारापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो असा : हा शब्द एक की अनेक? विद्यार्थ्यांसाठी तयार होणाऱ्या छोट्या इंग्रजी-मराठी कोशांत हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. अर्थांना क्रमांक देऊन ते एकाखाली एक मांडले जातात व विद्यार्थ्याने ते पाठ करावेत, अशी अपेक्षा असते. या पद्धतीतील उणीव स्पष्ट करण्यास पलूस परिसरातील एक वस्तू उपयोगी पडते. ती म्हणजे लोखंडी नांगर.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली औंध संस्थानातील कुंडल रोड स्थानकानजीकच्या माळावर आपला कारखाना आणला. आजच्या पलूस तालुक्यातील किर्लोस्करवाडी ती हीच. १९२० साली या व्यवसायाची मर्यादित कंपनी झाली. अशा रीतीने नांगराचा फाळ आणि कंपनीचा शेअर या दोन वस्तू एकाच आवारात आल्या. मराठीत त्यांची नावे निराळी आहेत; इंग्रजीत मात्र दोहोंनाही ‘शेअर’ असेच म्हणतात. यादीवर विसंबणाऱ्या विद्यार्थ्याला हा केवळ योगायोग वाटेल. वस्तुतः फाळवाचक आणि भागवाचक हे दोन शब्द जुन्या इंग्रजीत निरनिराळे होते. परंतु दोहोंचे मूळ ‘कापणे’ या अर्थाच्या एकाच धातूत आहे. जमीन कापतो तो फाळ आणि कापून वेगळा केला जातो तो भाग. मराठीतही ‘फाळ’ आणि ‘फाळणी’ हे शब्द शेजारी ठेवले असता फोडण्याची, विभागण्याची तीच कल्पना दोहोंत आढळते.

याहून निराळा प्रकार ‘स्प्रिंग’ या शब्दाचा. उसळी, झरा, वसंत ऋतू आणि यंत्रातील लवचीक वेटोळे हे त्याचे सर्व अर्थ ‘उसळणे’ या एकाच क्रियेतून निघाले आहेत. जमिनीतून पाणी उसळते, झाडाला पालवी फुटते, दाबलेले वेटोळे उसळून पूर्वस्थितीला येते. येथे शब्द एकच असून अर्थ त्याच्या शाखा आहेत. मराठीतील ‘पान’ असेच झाडावरून विड्यात आणि ग्रंथात गेले.

तिसरा प्रकार ‘मॅच’ या शब्दात दिसतो. बरोबरीचा जोडीदार व त्यावरून सामना, हा अर्थ जुन्या इंग्रजीतून आला. पेटविण्याची काडी हा अर्थ मात्र वातीसाठी असलेल्या जुन्या फ्रेंच शब्दातून आला. दोन अनोळखी शब्द कालांतराने एका रूपात मिळाले. मराठीत याला ‘नांगर’ हेच उत्तम उदाहरण होय. शेतातला नांगर संस्कृत ‘लाङ्गल’पासून आला, जहाजाचा नांगर फारसी ‘लंगर’पासून. एक जमीन उकरतो, दुसरा समुद्रतळ पकडतो, म्हणून दोहोंत रूपकाचा संबंध कल्पिण्याचा मोह होतो; परंतु शब्दांचा इतिहास त्या कल्पनेला आधार देत नाही.

तीन प्रकारांतील हा भेद विद्वत्तेचा अलंकार नव्हे. ज्याला ‘स्प्रिंग’मधील उसळी उमगली, तो त्या शब्दाचा अनोळखी अर्थही संदर्भावरून ताडू शकतो, ‘मॅच’च्या बाबतीत असा तर्क त्याला फसवील. कोठे तर्क चालवावा आणि कोठे थांबवावा, हे क्रमांकांची यादी सांगत नाही. इंग्रजीचा ऐतिहासिक तत्त्वांवरील ऑक्सफर्ड कोश १८८४ ते १९२८ या काळात खंडशः प्रसिद्ध झाला. भिन्न उगमांचे शब्द वेगळ्या नोंदींत ठेवावेत आणि एका शब्दाचे अर्थ त्यांच्या विकासक्रमाने मांडावेत, हा त्याचा धडा छोट्या कोशांनाही पेलण्याजोगा आहे.

तथापि व्युत्पत्तीला अर्थाची मालकीण ठरविणे ही दुसऱ्या टोकाची चूक होय. मराठीने इंग्रजी शब्द घेतले ते अर्थांच्या संपूर्ण कुळासह नव्हेत. तिने ‘स्प्रिंग’ यंत्रापुरती घेतली. झरा आणि वसंत तिच्याजवळ होतेच. ‘शेअर’ तिने बाजारात ठेवला, शेतात फाळच राहिला. ‘मॅच’ मैदानावर राहिली, त्याच ध्वनीच्या दुसऱ्या शब्दाचे अनेकवचन ‘माचिस’ होऊन घरात आले आणि साडीवरच्या पोलक्यासाठी ‘मॅचिंग’ आले. इंग्रजीत एकरूप झालेले शब्द मराठी बोलणाऱ्यांनी, त्यांच्या इतिहासाची वार्ता नसताना, पुन्हा विलग केले. हे कार्य व्युत्पत्तीने केले नाही. व्यवहाराच्या गरजेने केले.

म्हणून मराठी विद्यार्थ्यासाठी रचावयाच्या इंग्रजी कोशाने दोन प्रश्नांची उत्तरे द्यावयास हवीत : हे अर्थ एका मुळाचे आहेत काय, आणि त्यांपैकी कोणता अर्थ मराठीत अगोदरच राहावयास आला आहे? पहिल्या उत्तराने इंग्रजी शब्दाची रचना कळेल. दुसऱ्याने, ओळखीचा शब्द परक्या वाक्यात भेटताच त्याला ओळखीचाच अर्थ चिकटविण्याची सवय सुटेल. या उत्तरांवाचून नांगराच्या वर्णनातील ‘शेअर’चे भाषांतर ‘भाग’ असे होत राहील, आणि ते करणारा विद्यार्थी कदाचित फाळ ज्याच्या घरात आहे असाच असेल.