मँक्सचे पाठभेद

मँक्स नॉर्टन ही शर्यतीची इंग्लिश मोटरसायकल पाहायची ती उजव्या बाजूने. डावीकडे क्लच आणि उघडी प्रायमरी चेन, जुन्या इंग्लिश शर्यतीच्या गाड्यांत असायची तशीच. उजवीकडे मात्र इंजिनाच्या पोटातून एक उभी नळी निघते, सिलिंडरला लगटून वर जाते आणि डोक्यावरच्या चपट्या पेटीत शिरते. नळीच्या आत दांडा फिरतो. त्याच्या दोन्ही टोकांना बेव्हल गिअर आहेत. ते क्रँकचं फिरणं काटकोनात वळवून वर पोचवतात आणि पेटीतली दातेरी चाकांची रांग ते दोन कॅमशाफ्टना वाटून देते. आपल्या जुन्या बुलेटचं इंजिनही एकाच सिलिंडरचं. तिच्यात कॅम खाली बसतो आणि लांब पुशरॉड व्हॉल्व्हपर्यंत निरोप नेतात. इंजिनाचे फेरे वाढले की त्या रॉडचं वजन आणि लवचीकपणा आड येतो, व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाहीत. मँक्सने कॅमच व्हॉल्व्हच्या डोक्यावर नेऊन बसवले.

एवढी रेखीव योजना, आणि तिच्या भोवती मात्र कायम तेलकट पसारा. व्हॉल्व्हच्या हेअरपिन स्प्रिंगा गार राहाव्यात म्हणून उघड्या हवेत ठेवलेल्या आहेत, त्यामुळे कॅमच्या पेटीतून झिरपणारं तेल अडवायला काहीच नाही. ते स्वाराच्या बुटांवर येतं, कधी मागच्या टायरवर. गाडी हातात आल्यावर काहीजण ही गळती पहिल्यांदा बंद करतात. मला ती या इंजिनाच्या स्वभावाचा भाग वाटते. थंडाव्याच्या बदल्यात स्वच्छता सोडायची हा सौदा नॉर्टनच्या माणसांनी समजून उमजून केला होता.

ती माणसं बर्मिंगहॅमच्या ब्रेसब्रिज स्ट्रीटवरची. इंजिनाचा वंश १९२७ सालच्या वॉल्टर मूरच्या आराखड्यापर्यंत जातो. तीस साली आर्थर कॅरलने ते नव्याने मांडलं आणि पुढे जवळजवळ पाव शतक जो क्रेग या हट्टी माणसाने त्याच्यातून एकेक अश्वशक्ती पिळून काढली. इटलीत गिलेरा आणि एमव्ही ऑगस्टा चार सिलिंडरची इंजिनं करत होते, तेव्हा क्रेग एकाच पिस्टनपाशी बसून होता. त्याच्या हाताखाली लिओ कुझ्मिकी नावाचा पोलिश इंजिनियर आला आणि ज्वलनकक्षाचा आकार बदलून त्याने या म्हाताऱ्या इंजिनाला नवा श्वास दिला. १९५४ साली विक्रीच्या ५०० सीसी मँक्सचा पिस्टनही आखूड चालीचा झाला: बोअर ८६ मिलिमीटर, स्ट्रोक ८५.६. एका फेऱ्यात पिस्टनला कमी अंतर कापायचं, म्हणून फेरे वाढवता आले. शेवटी शेवटी पन्नासेक अश्वशक्ती. आज हा आकडा कॉलेजच्या पोरालाही फार वाटणार नाही. पण कुझ्मिकी पुढे व्हॅनवॉल या मोटारीच्या इंजिनावर काम करायला गेला, आणि त्या चार सिलिंडरच्या इंजिनाचा वरचा भाग मँक्सच्याच धर्तीवर, जणू चार मँक्स शेजारी शेजारी उभ्या केल्यासारखा होता. १९५८ साली फॉर्म्युला वनमध्ये उत्पादकांसाठी पहिल्यांदाच ठेवलेलं अजिंक्यपद त्याच व्हॅनवॉलने नेलं.

तरी मँक्सला मोठं केलं ते इंजिनाने एकट्याने नव्हे. नॉर्टनची जुनी फ्रेम शर्यतीत तडकायची. बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेसने तिच्या जागी दोन अखंड वळसे घेणाऱ्या नळ्यांची फ्रेम आणली. नळ्या हँडलच्या मानेपाशी एकमेकींना छेदतात, मागे जाऊन खाली वळतात आणि इंजिनाला कवेत घेऊन परत मानेकडे येतात. ती चालवून हॅरल्ड डॅनियल हा स्वार म्हणाला की पिसांच्या गादीवर बसल्यासारखं वाटतं, आणि फेदरबेड हे नाव तिला चिकटलं. या फ्रेमच्या शर्यतीच्या नळ्या रेनॉल्ड्स कंपनीत पितळेच्या भरणाने जोडल्या जात. कमी तापमानाच्या त्या जोडाने पातळ पोलादाची ताकद टिकते. जोड जवळून पाहावेत. एकावर एक सरकत गेलेल्या बारीक लाटा दिसतात, कारागिराचा हात कुठे क्षणभर थांबला तेही कळतं. जाड रंगाच्या थराखाली हे गडप होतं, म्हणून चकचकीत मँक्स मला नेहमी संशयास्पद वाटते.

एप्रिल १९५० मध्ये ब्लँडफर्डला जेफ ड्यूकने ही फ्रेम पहिल्यांदा शर्यतीत उतरवली आणि जिंकला. जूनमध्ये आइल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी स्पर्धेत सीनियर आणि ज्युनियर, दोन्ही शर्यतींत पहिले तिन्ही क्रमांक नॉर्टनचे. पुढच्या वर्षीपासून ती फ्रेम विक्रीच्या मँक्सलाही मिळाली, आणि खऱ्या अर्थाने कथा तिथून सुरू होते. कारखान्याची स्वतःची तुकडी १९५४ नंतर मागे हटली, पण खासगी स्वार मँक्स विकत घेऊन युरोपभर फिरत राहिले: व्हॅनमध्ये गाडी, व्हॅनमध्येच बिऱ्हाड, एका गावच्या शर्यतीच्या पैशातून पुढच्या गावचं पेट्रोल. १९६१ साली माइक हेलवूडने बिल लेसीने तयार केलेल्या मँक्सवर सीनियर टीटी ताशी शंभर मैलांहून जास्त सरासरीने जिंकली. पुढच्याच वर्षी मँक्सचं उत्पादन थांबलं.

अशी गाडी आज शोधायला निघालेल्या माणसापुढचा पेच इथे आहे. मँक्स म्हणजे नेमकं काय शोधायचं? पन्नाशीच्या दशकात ५०० सीसीच्या छोट्या फॉर्म्युला थ्री मोटारींना मँक्सचं इंजिन हवं असे, आणि नॉर्टन सुटं इंजिन विकत नसे. म्हणून मोटारवाले अख्खी गाडी घेत, इंजिन काढून कूपर मोटारीत घालत आणि रिकामी फ्रेम विकून टाकत. त्या फ्रेममध्ये कोणी ट्रायम्फचं इंजिन बसवी. ट्रायटन नावाची संकरित जात यातूनच फोफावली. एकाच गाडीचं इंजिन एका कोठारात आणि फ्रेम दुसऱ्याच देशात, असं झालं. स्वारांबरोबर कित्येक गाड्या ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिकेपर्यंत गेल्या. क्रँककेस फुटला की मिळेल तो घातला, आणि त्यावर जुनाच नंबर ठोकलाही.

म्हणून शोध घेणारा माणूस आधी नंबर वाचतो, मग नंबरावर अविश्वास ठेवतो. ठोकलेल्या आकड्यांचा ठसा, खोली, ओळ कारखान्याची वाटते का, आकड्यांखालचा धातू घासलेला आहे का, हे तो बोटाने चाचपतो. मग जुने फोटो. फोटोतला सीटचा उंचवटा, टाकीवरचा पोचा, फ्रेमवर नंतर जोडलेला एखादा कान असल्या गोष्टी बरंच सांगतात, आणि कागदपत्रं जिथे खोटं बोलतात तिथे असा कान खरं बोलतो.

गाडी ओळखली तरी ती कोणत्या रूपात आणायची हा प्रश्न उरतोच, आणि तो पोथीच्या संपादकाच्या प्रश्नासारखा आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. शेकडो हस्तलिखितं ताडून पाहिली. जुना वाटला तो पाठ वर, बाकीचे पाठभेद तळटीपेत. गाडी दुरुस्त करणाऱ्याला ही चैन नाही. त्याच्याकडे पान एकच, आणि एक पाठ लिहायचा तर दुसरा खरवडायला लागतो. ही गाडी १९५५ साली ब्रेसब्रिज स्ट्रीटवरून निघाली तशी करायची, की ६१ साली एखाद्या स्वाराने पळवली तशी? फ्रान्सिस बेअर्ट या जाणत्या ट्यूनरच्या मँक्स फिकट हिरव्या असत आणि वजन घटवायला तो जिथे जमेल तिथे भोकं पाडी. अशी गाडी मिळाली आणि कॅटलॉगप्रमाणे रुपेरी रंगवून, भोकं नसलेले भाग लावून ‘मूळ रूपात’ आणली, तर उरतं काय? कॅटलॉग.

माझा कौल स्पष्ट आहे. ज्या रूपात ती शेवटची ईर्ष्येने पळाली, तो तिचा प्रमाण पाठ. कारखान्याचं रूप हे पहिलं टाचण होतं. ही गाडी मुळात शोरूमच्या काचेआड उभी राहायला जन्मलीच नव्हती, तेव्हा शोरूमची चकाकी तिच्यावर चढवणं हा प्रक्षेपच. बोल्टच्या डोक्यांना तार ओवायला पाडलेली भोकं, पडझडीनंतर ठोकून सरळ केलेला फूटरेस्ट, घामाने काळवंडलेलं सीटचं कापड: एवढं शाबूत असेल तर उरलेलं काम यांत्रिकाचं.

यांत्रिकाचं म्हणजे सोपं नव्हे. क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा. हलका खरा, पण ओल लागली की पांढरी भुकटी होऊन झडतो आणि मुख्य बेअरिंगच्या आजूबाजूला तडे जातात. त्यात तेल एरंडेलाचं. तापलेल्या धातूवर त्याचा पापुद्रा टिकतो आणि पेट्रोलने सहज धुऊन जात नाही, म्हणून शर्यतवाले ते घालत. लहानपणी नाक दाबून प्यायलेल्या एरंडेलाशी या धुराच्या गोडसर वासाचं नातं लावायला थोडा वेळ लागतो. पण हेच तेल वर्षानुवर्षं पडून राहिलं की चिकट, लाखेसारखं कवच होतं आणि तेलाच्या वाटा बुजतात. कोठारात ‘मोकळं फिरणारं’ इंजिन सापडलं म्हणून खुशीत धक्का मारून सुरू करणारा माणूस त्याच दिवशी पिस्टन गमावू शकतो. आधी सगळं उघडायचं, धुवायचं, तपासायचं; घाई करणाऱ्याने या गाडीच्या वाटेला जाऊ नये.

आणि ती सुरू झालीच पाहिजे. मूक मँक्सचं रसग्रहण अर्धंच. भोंग्यासारखा मेगाफोन एक्झॉस्ट लावलेलं हे इंजिन खालच्या फेऱ्यांत अडखळतं, खोकतं, रुसतं. आइल ऑफ मॅनला गव्हर्नर्स ब्रिजसारख्या चिंचोळ्या वळणावर स्वार क्लच अर्धवट दाबून त्याला जागं ठेवतो. फेरे वर चढले की अडखळणं एकाएकी संपतं आणि एकच सलग, कोरडी, छातीत धडकणारी हाक निघते. चार सिलिंडरची किंकाळी जास्त संगीतमय असेलही. या आवाजात मात्र प्रत्येक स्फोट सुटा ऐकू येतो.

सप्टेंबर २००३ मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या राष्ट्रीय मोटरसायकल संग्रहालयाला आग लागली आणि शेकडो गाड्या जळाल्या. ॲल्युमिनियम वितळून जमिनीवर साचलं. त्यातल्या बऱ्याच गाड्या पुढे नव्याने उभ्या केल्या गेल्या. शुद्धतावादी नाक मुरडतात. पण नव्याने उभं राहणं या गाडीला नवीन नाही. १९६९ साली युगोस्लाव्हियात ओपातियाला एमव्ही आलेली नसताना गॉडफ्री नॅशने नॉर्टनवर ५०० सीसीची ग्रां प्री जिंकली, तेव्हा उत्पादन थांबून सात वर्षं झाली होती. एव्हाना सुटे भाग आणि हक्क हात बदलत कॉलिन सीलीकडून जॉन टिकलकडे चालले होते. तेव्हापासून आजपर्यंत कोणी ना कोणी मँक्सचे भाग पाडतंच आहे. आज अख्खी मँक्स नवीन करून मिळते. नॉर्टन हे नाव २०२० पासून चेन्नईच्या टीव्हीएसकडे आहे, ती गोष्ट वेगळी.

अशा नव्या गाड्यांवर माझा राग नाही. जुन्या गाड्यांच्या शर्यती त्यांच्यामुळे चालतात. जुन्या मँक्सवरचे उपकार तर याहून मोठे आहेत. नवा क्रँककेस मिळतो म्हणून तडा गेलेला मूळचा पळवावा लागत नाही. शहाणे मालक तो टाकून देत नाहीत. तेलाच्या फडक्यात गुंडाळून, झिजलेले कॅम, जुने बेव्हल आणि वाकडा फूटरेस्ट यांच्याबरोबर पेटीत ठेवतात आणि गाडी विकली की पेटीही देतात. कधी मँक्स घ्यायला गेलात तर किंमत विचारायच्या आधी ती पेटी दाखवायला सांगा. पेटी नसेल तर किंमत निम्म्यावर आणायला हरकत नाही.