चिराग अली : हैदराबादेहून एका धर्मगुरूला दिलेले उत्तर

१८८१ च्या ऑगस्टमध्ये रेव्हरंड माल्कम मॅकॉल या अँग्लिकन धर्मगुरूंनी लंडनच्या ‘कंटेम्पररी रिव्ह्यू’ या मासिकात असे प्रतिपादन केले की, मुसलमानी राज्यात सुधारणा होणे अशक्य होय. कारण तेथील कायदा ईश्वरदत्त आणि म्हणून अपरिवर्तनीय मानला जातो. या लेखास उत्तर आले ते निजामाच्या हैदराबादेहून. मौलवी चिराग अली यांचा इस्लामी राज्यांतील राजकीय, कायदेविषयक व सामाजिक सुधारणांवरील इंग्रजी ग्रंथ १८८३ साली मुंबईत छापला गेला. मॅकॉलसाहेबांचे नावही ठाऊक नसताना त्यांचे मत आपल्यापैकी अनेकजण आजही बोलून दाखवितात; म्हणून या उत्तराची दखल घेणे अगत्याचे आहे.

चिराग अली (सुमारे १८४४–१८९५) हे उत्तर हिंदुस्थानातले. सर सय्यद अहमद खान यांच्या शिफारशीवरून सर सालारजंग यांनी १८७७ मध्ये त्यांना हैदराबादेस आणले. महसूल खात्यात ते उच्चपदास पोहोचले व ‘नवाब आझम यार जंग’ हा किताब त्यांना लाभला. ज्या राज्यात आपला सारा मराठवाडा होता, त्याच राज्याचे हे अधिकारी. कचेरीचे काम सांभाळून केलेला हा व्यासंग थक्क करणारा आहे. त्यांचे आरंभीचे लेखनही ख्रिस्ती टीकेतूनच उद्भवले होते. ख्रिस्ती झालेले रेव्हरंड इमादुद्दीन यांच्या पैगंबरविषयक पुस्तकाचे खंडन त्यांनी केले होते.

त्यांच्या विवेचनाचा गाभा असा : कुराण वेगळे आणि फकिहांनी पुढील शतकांत रचलेला कायदा वेगळा. पहिले ईश्वरी, दुसरे मानवी. आणि जे मानवी ते बदलता येते. बहुपत्नीकत्व व गुलामगिरी यांना कुराणाचा खरा आशय प्रतिकूलच आहे, असे ते दाखवू पाहतात. १८८५ साली कलकत्त्यात प्रसिद्ध झालेल्या जिहादविषयक ग्रंथात, पैगंबरांची युद्धे स्वसंरक्षणार्थ होती आणि ‘जिहाद’ या शब्दाचा मूळ अर्थ परिश्रम असा आहे, हे ते शब्दव्युत्पत्तीच्या आधारे मांडतात. शास्त्र आणि परंपरा यांतील अधिकाराचा हा प्रश्न धर्मसुधारणेच्या काळापासून ख्रिस्तसभेलाही सुटलेला नाही. आपल्या घरातील हा वाद ज्यांना परिचित आहे, त्यांनी तरी शेजाऱ्याच्या घरी सारे एकमुखी बोलतात असे गृहीत धरू नये.

तथापि या युक्तिवादात एक गंभीर उणीव आहे. हदीसांच्या विश्वसनीयतेविषयी चिराग अली अत्यंत साशंक आहेत. परंतु युद्धे संरक्षणात्मक होती हे ठरविण्यासाठी घटनांचा जो क्रम लागतो, तो केवळ कुराणातून पूर्णपणे हाती येत नाही. त्यासाठी त्यांना पारंपरिक चरित्रसाहित्याकडेच वळावे लागते. सोयीचे तेवढे घ्यावे आणि अडचणीचे नाकारावे, असा आरोप मग टाळता येत नाही. (बायबलविषयक वादांत आपणही हे करीत आलो आहोत, हे मनात ठेवूनच तो करावा.) शिवाय म्यूर, स्प्रेंगर यांच्यासारख्या युरोपीय पंडितांना उत्तर देण्याच्या भरात प्रश्न कोणते, हे तेच पंडित ठरवितात. पैगंबरांच्या प्रार्थनाजीवनाला, ईश्वरभयाला या पानांत फारशी जागा उरत नाही. माझ्या मते हे नुकसान तर्कदोषापेक्षा मोठे आहे.

प्रभावाविषयी सावधपणे लिहिले पाहिजे. त्यांचे प्रमुख ग्रंथ इंग्रजीत होते. ज्यांचे मन वळवायचे त्या उलेमांची ती भाषा नव्हे. सर सय्यद यांच्यामागे अलीगढचे महाविद्यालय उभे होते, चिराग अलींच्या मागे तशी कोणतीही संस्था नव्हती. आपल्याकडे हमीद दलवाईंनी १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापिले, पण त्यांचा मार्ग निराळा होता. शास्त्राचा नवा अर्थ लावण्यापेक्षा इहवादी भूमिकेवर त्यांचा भर होता.

औरंगाबादेशी मात्र या ग्रंथांचा दुहेरी संबंध आहे. सुधारणाविषयक ग्रंथाचे उर्दू भाषांतर केले ते मौलवी अब्दुल हक यांनी. पुढे अनेक वर्षे त्यांनी औरंगाबादेतूनच उर्दूची सेवा केली. आणि त्याच शहरात १९०३ साली अबुल आला मौदूदी जन्मले. त्यांनी १९२७ मध्ये जिहादवर उर्दूत लेखमाला लिहून चिराग अलींच्या धर्तीवरील समर्थनपर भूमिका झिडकारली, हैदराबादेतून ‘तर्जुमानुल कुराण’ चालविले आणि १९४१ साली लाहोरात जमाते इस्लामी स्थापन केली. त्यांना वाचक मिळाले, संघटना मिळाली. चिराग अलींचे उत्तर मात्र मुख्यतः ज्यांना उद्देशून लिहिले, त्या इंग्रजी वाचकांपाशीच राहिले. आणि त्यांनीही ते फारसे वाचले असे दिसत नाही.